शेपटीचा रस्सा

रानरेड्याच्या शेपटीचा रस्सा आज टेबलावर पोचला नाही, तर स्वयंपाकी कोंडोची नोकरी जाणार होती. शिकारतळाचे मालक एरास्तोसाहेब यांनी सकाळीच तसं स्वच्छ सांगितलं होतं.

"पाहुण्याच्या ताटात यायच्या आधीच मटण गायब होतं, कोंडो. आज त्याची इथली शेवटची संध्याकाळ. आज काही कमी पडलं, तर उद्या त्याच्याच गाडीत बसून तूही दार-ए-सलाम गाठायचं."

मटण कोण पळवतं, हे अख्ख्या तळाला ठाऊक होतं. पण कोंडोला तोंड उघडायची सोय नव्हती. तो नारळाच्या किनाऱ्याकडचा झारामो, आणि जनावरांचा माग काढणारा लुहेंदे आतल्या मुलखातला, पिढ्यानपिढ्या ओझी वाहिलेल्या न्यामवेझींपैकी. या दोन जमातींत आज्या-पणज्यांपासून थट्टेचं नातं. एकाने दुसऱ्याच्या पातेल्यात हात घालावा, मयताच्या घरीसुद्धा त्याची टिंगल करावी, आणि समोरच्याने हूं की चूं करायचं नाही. रागावला तो हरला. साहेबाकडे चुगली करणं तर त्याहून वाईट.

"काय नारळा, शेपटी शिजली का?" लुहेंदेने दुपारी गाडीतून आल्या आल्या झाकण उचललं.

"हात काढ, हमाला! आज माझ्या पोटावर पाय येणार आहे."

"तुझ्या पोटावर पाय द्यायचा तर आधी शिडी आणावी लागेल!"

हसत हसत एक तुकडा तोंडात टाकून तो पसार झाला. कोंडोही गालात हसला. कारण आज त्याने पक्का बंदोबस्त केला होता.

पाहुणा आला होता सिंहासाठी, आणि पंधरा दिवसांत त्याला सिंहाची शेपटीसुद्धा दिसली नव्हती. आमिष म्हणून झाडाला झेब्र्याची तंगडी बांधलेली. सिंहांना वाट कळावी म्हणून आतड्यांचं पोतं गाडीमागे फरफटत त्या झाडापर्यंत न्यायचं आणि तिथेच सोडायचं, ही रीत. आज सकाळीही गाडी पोतं ओढत तशीच गेली. गाडी दुपारी जेवणापुरती तळावर आली आणि सगळे पुन्हा झाडाजवळच्या आडोशाला जाऊन बसले.

तेव्हापासून स्वयंपाकाच्या तंबूत घाण वास सुटला होता. आपलीच मोरी तुंबली असेल म्हणून कोंडोने नाक मुरडलं. तेवढ्यात तंबूमागे मचमच आवाज आला.

"सगळ्यांना चुकवून आलास का चोरा!" कोंडो डाव घेऊन धावला. कनातीखालून एक तपकिरी पार्श्वभाग आत डोकावत होता. कोंडोने सगळा पंधरवडा एकवटून त्यावर डाव हाणला.

पार्श्वभागाला शेपूट होती. टोकाला काळा गोंडाही होता.

पुढचं कोंडोला नीट आठवत नाही. भानावर आला तेव्हा तो पाण्याच्या टाकीच्या उंच मचाणावर होता आणि डाव अजून हातात होता. खाली तीन सिंहिणी तंबूत शिरल्या होत्या. एकीने पातेल्यात तोंड घातलं, नाक पोळलं, तशी ती रस्सा निवायची वाट बघत शेजारी बसून राहिली.

सांजावताना गाडी परतली. लुहेंदे उडी मारून थेट तंबूकडे निघाला.

"जाऊ नको, हमाला! आत सिंहिणी आहेत!" कोंडो वरून ओरडला.

"पातेलं राखायला सिंहिणी ठेवल्यास होय? काय पगार देतोस?"

तो आत गेला. गेला त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर आला आणि मचाणावर चढून कोंडोच्या पाठीमागे, टाकीच्या आडोशाला डोळे मिटून बसला.

पाहुण्याने बंदूक उचलली. साहेबांनी नळी खाली दाबली. "माद्या आहेत. बंदी आहे." मग त्यांनी भोंगा वाजवत गाडी तंबूच्या अंगावरच घातली. सिंहिणी निघाल्या, तिसरी जाता जाता पातेलं चाटून गेली. मग दोघं मचाणावरून खाली उतरले.

"खरकटं मागे टाकतोस, म्हणून जनावरं आली!" साहेब कडाडले. "ऊठ, गाठोडं बांध."

कोंडोच्या डोळ्यांत पाणी आलं. "टाकलं नाही हो, साहेब. माग काढणारा आहे ना आपल्याकडे? त्यालाच वाचू द्या."

माग वाचताना लुहेंदे आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. तो वाकला, आणि दर पावलाला त्याचा आवाज बारीक होत गेला.

"सिंहिणी झाडाकडून आल्या... फरफटीच्या वासावर. फरफट झाडापाशी थांबलीच नाही. गाडीमागून इथवर आली. इथे कुणीतरी पोतं सोडलं आणि... तंबूमागे टाकलं."

"कोणी?"

"पायात टायरच्या चपला. डावीचा पट्टा तुटका."

सगळ्यांनी खाली पाहिलं. लुहेंदेने डावा पाय उजव्यामागे लपवला. मग कोंडोच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाय पुढे घेतला. "माझ्याच. नारळाला जरा वास यावा म्हणून. आणि साहेब, मटणही मीच खायचो."

"मग सगळी भांडी तूच घासायची. आज आणि महिनाभर!" साहेब म्हणाले. "पण आता पाहुण्याला वाढायचं काय?"

कोंडो मचाणावर चढला आणि टाकीमागून फडक्यात गुंडाळलेला डबा काढून घेऊन आला. झाकण उघडताच शेपटीच्या रश्श्याचा घमघमाट सुटला. पातेल्यात वरचे दोन तुकडे सोडले तर होती ती नुसती हाडं, खास लुहेंदेसाठी शिजवलेली.

टेबलावर पाहुणा बोटं चाटत होता. इकडे लुहेंदे राखेने पातेलं घासत होता.

"म्हणजे मी त्या डब्याला टेकून बसलो होतो?"

"चांगला मांडी घालून. रागावलास काय, हमाला?"

"छे! मी कशाला रागावू?" लुहेंदे म्हणाला, आणि पातेल्याला पोचा येईल इतक्या जोराने घासू लागला.