खुनी कोण ते नाना सांगतात

‘मेव्हना! मेव्हन्यानं मारलाय!’

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर खुनाची मालिका लागते आणि पावणेआठच्या आत आमचे शेजारी दगडूनाना खुनी जाहीर करतात. तेही आख्ख्या आळीला ऐकू जाईल असे. आमच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत. चौकटीला फार तर पडदा. पडद्यानं माशी अडते, नाना अडत नाहीत. त्यात वाईट म्हणजे त्यांचा अंदाज कधी चुकत नाही. पुढचा पाऊण तास आम्ही मेव्हण्याच्या तोंडाकडे बघत बसतो.

देवळाच्या वाटेवर नानांचं तेलाचं दुकान आहे. माणूस एकटाच राहतो. मी मास्तर, बदली होऊन इथं आलो त्याला तीन वर्षं झाली. आल्या आल्या आमची बादली हरवली. जिथं चोरीचं नाव काढायचं नाही, त्या गावात नानांना गुन्हा मिळाला! काय खूश झाला म्हणता माणूस! बादलीच्या जागेभोवती खडूनं गोल आखला, तीन बायकांचे जबाब घेतले आणि माझ्या बायकोला, मंगलला, ‘गाव सोडून जायचं न्हाई’ म्हणून बजावलं. बादली शेवटी त्यांच्याच न्हाणीत निघाली. सकाळी त्यांनीच मागून नेली होती. नाना तिळमात्र ओशाळले नाहीत. ‘बगा, मी म्हनत न्हवतो? गुन्हेगार जवळचाच आस्तो.’

गेल्या महिन्यात मात्र मंगलचा संयम सुटला. ‘त्यांना सांगा, एक शुक्रवार तरी तोंड मिटून बसा.’ मी ‘उद्या सांगतो’ करत दिवस ढकलले. शेजाऱ्याशी वाकडं कोण घेणार?

आणि मग तो भाग आला. पहिल्याच मिनिटाला खुनी ‘मीच मारलं तिला’ म्हणून मोकळा! संगीत नाही, पाठलाग नाही, तपास करणारे साहेब रजेवर. इतकी वर्षं साहेबांच्या मागं फाईल धरून ‘जी साहेब’ एवढंच म्हणणारा हवालदार मेलेल्या बाईच्या नवऱ्याला बातमी सांगायला जातो, आणि आख्खा भाग त्या एका खोलीत. म्हातारा चहा टाकतो, बायको येईलच म्हणून तिचाही कप मांडतो, आणि हवालदाराच्या तोंडून शब्द फुटायला भाग संपत येतो, तोही रडत रडतच. मंगल म्हणाली, ‘काय झालंय ह्या मालिकावाल्यांना?’ मी मात्र जागचा हललो नाही.

भाग संपतो न संपतो तोच पडदा उडवून नाना आत. ‘मास्तर! हवालदार बोलला! आठ वर्सं मुका ठिवला हुता गड्याला. आज कळलं, त्याला बी रडू येतं! आन खुनी आदीच सांगून टाकला! लई हिंमत लागती त्याला. आदी गोड वाढलं, मग भाकरी, आन तरी पोट भरलं की वो!’ त्यांचे हात नुसते नाचत होते. मीही तितकाच पेटलो होतो. दोघं एकदमच बोलत होतो.

संधी बरी दिसली. म्हटलं, ‘नाना, आज तुम्ही ओरडला नाहीत, तर किती छान बघता आलं. पुढच्या शुक्रवारीही असंच...’

नानांचे हात खाली आले.

‘बराबर हाय तुमचं. सवय लागली, मास्तर. आमची ही मागं चुलीपाशी भाकरी थापायची. तितनं टीव्ही दिसायचा न्हाई. “कोन हाय वो?” म्हनून इचारायची. तिला ऐकू जायला मोट्यानंच सांगाय लागायचं.’ त्यांनी चौकटीचा पडदा सारखा केला. ‘ती जाऊन चार वर्सं झाली. आज सांगायला काय न्हवतंच. घर लई गप वाटलं... आता न्हाई वरडनार.’

ते गेले. मला माझीच लाज वाटली. मंगल भांडी आवरत राहिली.

पुढच्या शुक्रवारी नेहमीसारखा खून पडला. पावणेआठ झाले तरी शेजारून चकार शब्द नाही. मालिका सुखानं बघता येत होती, आणि बघवत नव्हती. एकाएकी मंगल उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिथून खच्चून ओरडली, ‘नाना, कोन हाय वो?’

मग पडदे हलावेत असा आवाज आला.

‘भाचा! भाच्यानं मारलाय!’

भाचाच होता. पुढचा पाऊण तास आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसलो.