भाऊंच्या डुकरांना पंख नाहीत

आपल्याकडे सासरी जावयाचे पाय धुतात. माझेही धुतात, फक्त फिनाईलने.

माझे थोरले मेहुणे गुणवंतभाऊ कारंजा लाडच्या बाहेर मळ्यात एकटे राहतात. त्यांच्या फाटकाशी स्कूटर थांबवली की आतून गर्जना होते, "जवाईबापू, तिथीच!" मग वांग्यांवर फवारायचा पंप पाठीला लावून भाऊ बाहेर येतात आणि आधी चाकं, मग चपला, मग मी, असं सगळं भिजवून काढतात. एकदा मी नेलेल्या जिलेबीच्या पुड्यावरही फवारा गेला.

"भाऊ, ती खायची आहे."

"मंग तुमीच खा."

मी वाशिमला शाळेत इतिहास शिकवतो. पोरं मला घाबरत नाहीत, बायको सुनंदा घाबरत नाही, तेव्हा भाऊंनी घाबरावं अशी माझी अपेक्षा नव्हती. पण जावई म्हणून निदान कोरडं तरी ठेवावं!

मळ्यात पुढे वांगी, पालक, फुलकोबी आणि मागे पांढऱ्या डुकरांचं शेड. चांगल्या बागायतदाराच्या पोराने डुकरं पाळली म्हणून भावांनी चूल वेगळी केली. पुढे मुलगी कुणी दिली नाही. भाऊंना याचं वाईट वाटलं असणार, पण आम्हाला दिसायचा तो फक्त संताप. "कोंबड्या पाळल्या तं धंदा, डुकरं पाळले तं बट्टा! काहून? मले सांगा, काहून?" डुकरांवर तुमचा फार जीव आहे, असं कुणी म्हटलं तर आणखी खवळायचे. "जीव कायचा? माल हाय, माल!"

मग डुकरांमध्ये साथ आल्याची बातमी आली. आफ्रिकन स्वाइन फीवर. माणसाला काही होत नाही, पण डुकराला लागली की औषध नाही. उष्ट्या अन्नातून येते, चपलेतून येते, टायरातून येते, असं सरकारी डॉक्टरबाईंनी सांगितलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. भाऊंनी फवारणी पंप पाठीला लावला तो काढलाच नाही.

त्याच सुमारास नात्यात एक लग्न झालं. पंगती उठल्यावर उरलेलं वरण, भात, वांग्याची भाजी ड्रममध्ये भरून ऑटोने भाऊंच्या मळ्यावर पाठवायची, ही आमच्या नात्यातली जुनी पद्धत. भाऊंनी ऑटो फाटकातूनच परत पाठवला. वधूपित्याचा फोन आला. मी तिथेच ओला होऊन उभा होतो.

"इतक्या मानानं पाठवलं, अन् तुमी वापस करता?"

"मान?" भाऊ असे ओरडले की फोनची गरज उरली नाही. "पत्रिका माह्या घरी आली नाही, उष्टं बरोब्बर आलं! याले मान म्हनता? माह्ये डुकरं मराले पायजे का तुमच्या वरनानं?"

मला त्या लग्नाची पत्रिका होती. मी तिथे दोनदा जिलेबी घेतली होती. मी स्कूटरच्या आरशात केस नीट करत राहिलो.

इतकं करूनही साथ गावात पोहोचलीच. नाल्यापलीकडच्या एका शेडमधली डुकरं पटापट मेली. मालकाने ती पुरली नाहीत, गुपचूप नाल्यात फेकली. कुत्र्यांनी ओढून काढली तेव्हा गावाला कळलं. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई भाऊंच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. भाऊंनी त्यांची जीप धुतली, त्यांचे बूट धुतले. बाईंनी आपणहून दुसरा बूटही पुढे केला.

"काका, आजारी शेडपासून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात. तुमचं शेड आत येतं."

"माह्यं एकबी बिमार नाही."

"माहीत आहे. पण दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो."

"अन् एक किलोमीटर कोन म्हनते? मी सायकलीनं मोजून आलो. पुलावरून येता येता दीडच्या वर भरते."

"रस्त्याने नाही मोजत, काका. नकाशावर सरळ रेघेत."

भाऊंचा फवारा बंद झाला. "सरळ रेघेत? माह्ये डुकरं काय बगळे हायेत? पंख हायेत त्याईले? मधात नाला हाय, माह्यं कुंपन हाय! सरळ रेघेत कोन्तं डुक्कर जाते, मले दाखवा!"

मला मुद्दा बिनतोड वाटला. मी तसं म्हणणार, तेवढ्यात बाई हळूच म्हणाल्या, "डुकरं नाही उडत. पण नाल्यातला तुकडा उचलून कावळा इथे टाकेल. त्याला पूल लागत नाही."

चपलेच्या तळव्याचाही ज्यांना संशय, त्या भाऊंना कावळा नाकारता येईना. ते शेडच्या पत्र्याकडे बघत राहिले.

"ज्यानं नाल्यात फेकले त्याचे तं मेलेच," ते म्हणाले. "शिक्षा माह्यावाल्याईले. काहून?"

  मी जोरात म्हणालो, "हा अन्याय आहे!"

"तं मंग?" भाऊ माझ्यावरच उलटले. "पुढं लोकाईचे डुकरं नाहीत का? माह्ये वाचवून त्याईलेबी मारू?" आणि बाईंकडे वळून विचारलं, "कदी येता?"

पांढरे सूट घातलेली सरकारी माणसं आली तेव्हा डुकरांनी एकच कल्लोळ केला. एकही डुक्कर त्यांच्या हाती लागेना. भाऊ पुढे झाले. "हटा. असे नाही येत ते." आत जाऊन त्यांनी हाक मारली, "ये माय, ये." त्यांच्या तोंडून तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. एक मादी आली. भाऊंनी पोटाखाली खाजवलं, तशी ती कुशीवर पडून डोळे मिटून राहिली. बाईंनी इंजेक्शन दिलं. मग दुसरीला हाक. अशी सगळी आली.

जेसीबीवाल्याने खड्ड्यात पहिलं डुक्कर वरून सोडलं तेव्हा मात्र भाऊ गरजले, "हळू ठेव बे! कचरा हाय का तो?"

चुना टाकून माती ओढून झाल्यावर बाई म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे त्यांना त्रास झाला नाही. हाक मारली की येत होती."

"हो," भाऊ म्हणाले. "माह्यावर भरोसा होता त्याईचा."

बाई गेल्या. भाऊ बांधावर बसले. मी शेजारी बसलो. शेड गप्प होतं. भाऊ आता ओरडतील, सरकारवर, कावळ्यांवर, निदान माझ्यावर, म्हणून मी वाट पाहिली.

"निघा तुमी," ते म्हणाले. "उद्या शाळा असन."

"हो," म्हणालो आणि बसून राहिलो.

मी उठत नाही हे पाहून ते म्हणाले, "मंग सुनंदाले फोन करा. म्हना, मुक्काम हाय."

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही त्या घरात मुक्काम केला नव्हता. भाऊ आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला, मग फळीवरची भांडी हलली, मग खाट सरकली. आणि मग एकदाचा तो ओळखीचा आवाज चढला. घरात दुसरी गादी काहून नाही, म्हणून गुणवंतभाऊ स्वतःवरच ओरडत होते. मी त्यांना ओरडू दिलं.