नानांचा पंच

हातात कागद आला की आमच्या गल्लीतले नाना आधी त्याला भोक पाडत. मग वाचत. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, खिशातून पंच निघायचा आणि टक् आवाज व्हायचा. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलेली. निवृत्त होताना सरकारी पंच परत करावा लागला, तर दुसऱ्याच दिवशी जुन्या बाजारातून तसाच एक घेऊन आले. आमच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाची पत्रिकाही त्यांनी माझ्यासमोर पंच केली होती. बरोबर तिच्या नावावर.

धुळ्यात आमच्या गल्लीच्या वाचनालयाबाहेर एक काचेचा फलक होता. कुणीही चिठ्ठी लिहून पेटीत टाकावी, ती फलकावर लागेल, ज्याला उत्तर ठाऊक त्यानं उत्तर टाकावं. ही कल्पना माझी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आता कुणाला आठवत नाही. शेवग्याला शेंगा का धरत नाहीत या एका चिठ्ठीला सात उत्तरं आली आणि त्यातल्या दोन उत्तरांचं आपसात भांडण जुंपलं, तेव्हा गावाला फलकाची चटक लागली. वर्षभरात एकाचे तीन फलक झाले. शिंदखेड्याची माणसं कोर्टाच्या कामाला आली की तारीख पडल्यावर इथे येऊन उभी राहायची.

पण फलकाची नि पेटीची किल्ली कुणाकडे? नानांकडे. मी बी.ए., बी.एड., हायस्कुलात मराठीचा शिक्षक. नाना सातवी पास. तरी समितीनं किल्ली त्यांना दिली, का, तर ते दिवसभर मोकळे असतात. मग काय, भाजीवालीसुद्धा आपल्या चिठ्ठीची चौकशी अहिराणीत त्यांनाच करायची, "नाना, मनी चिठ्ठी लागनी का?" मी शेजारी उभा असायचो. मला कुणी विचारत नसे. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू.

फलक वाढला तशा नको त्या चिठ्ठ्याही वाढल्या. मूळव्याधीची जडीबुटी, लॉटरीचा हमखास आकडा, कुणाच्या तरी सासूची बदनामी. नाना एक नजर टाकत, "विनातिकीट. उतर," म्हणत आणि चिठ्ठी टोपलीत जायची. पंच नाही म्हणजे फलकावर जागा नाही.

खरा उच्छाद मांडला तो देवीच्या चिठ्ठ्यांनी. ही चिठ्ठी ज्याच्या हाती पडेल त्यानं एकवीस लिहून वाटाव्यात, जो साखळी तोडेल त्याच्या घरातलं माणूस जाईल. लोकांना वाटायला सोपी जागा मिळाली, आमची पेटी. पेटी इतकी भरायची की खऱ्या चिठ्ठ्या फटीतच अडकून राहायच्या. फाडायला मात्र कुणी धजेना. समितीतले सुशिक्षित सभासदही हात मागे बांधून पेटीकडे बघायचे.

नाना मात्र एकेक चिठ्ठी उलटी करत आणि पाठीवर लिहीत, "शेवटचा थांबा. गाडी पुढे जाणार नाही. जे व्हायचं ते माझ्या नावावर." खाली सही, वर पंच. मग गठ्ठा बांधून घरी नेत.

पुढे तीन फलक एका माणसाला आवरेनात. नानांचे गुडघेही कुरकुरू लागले. समितीनं मदतनीस मागितले. चारजण आले, पेटी उघडली की देवीच्या चिठ्ठ्या आपल्या हाती पडणार हे कळल्यावर चौघेही गेले. मग मी स्वतः पुढे झालो. नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, हाई तुमनं काम नही."

सातवी पास माणसानं मला हे सांगावं! मी थेट अध्यक्षांकडे गेलो. नाना अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, चिठ्ठ्या जाळायच्या सोडून त्यांवर सह्या करतात, किल्ली शिकलेल्या माणसाकडे हवी, असं आठवडाभर त्यांच्या कानीकपाळी ओरडलो.

त्याच आठवड्यात आमच्या बेबीला गोवर निघाला. पाच वर्षांची पोर तापानं फणफणलेली. आणि नेमकी तेव्हाच टपालानं एक देवीची चिठ्ठी घरी आली. मी हसलो, चुरगाळली, खिडकीतून फेकली. दुपारी ताप आणखी चढला तसा मी परसात जाऊन ती शोधून आणली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं एकवीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि तीन दिवसांत सात-सात करून पेटीत टाकल्या. पेटीपासून निघालो तो सरळ अध्यक्षांकडे, अंधश्रद्धेवर बोलायला.

बेबी बरी झाली. अध्यक्षही कंटाळून कबूल झाले. पंच आणि किल्ली आणायला मी नानांच्या घरी गेलो.

त्यांनी काही वाद घातला नाही. किल्ली आणि पंच टेबलावर ठेवले आणि ट्रंक उघडून गठ्ठे दाखवले. सगळ्यात वरच्या गठ्ठ्यात माझ्या एकवीस होत्या. एकेकीवर शेवटचा थांबा, एकेकीवर नानांची सही.

"डावा हात व्हता," नाना म्हणाले, "पन वेलांटी मास्तरनी शे. पोरगी कशी शे आते?"

बरी आहे, मी म्हणालो.

"मनी बायको आजारी व्हती तवय तिनी एकवीसच्या एकवीस लिख्यात," ते गठ्ठा बांधत म्हणाले. "पेटीमा मीच टाक्यात. तरी गयी. तवयपासून माले या चिठ्ठ्यासना धाक नही. आते घरमा शे कोन? तुमनं घर भरेल शे, मास्तर. म्हनीसन तुमले नही म्हनलं."

टेबलावर त्या दिवशी आलेली एक देवीची चिठ्ठी पडली होती. मी ती उलटी करून पेन काढलं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहायला टेकवलं आणि हात पुढे सरकेना. बेबीनं सकाळी पहिल्यांदा भात मागून खाल्ला होता, तेच डोळ्यांपुढे येत राहिलं. नानांनी माझ्या हाताखालून चिठ्ठी हळूच काढून घेतली, पाठीवर नेहमीची ओळ लिहिली, सही केली आणि पंच मारला.

अध्यक्षांना मी सांगितलं की नाना किल्ली सोडत नाहीत, महाहट्टी माणूस आहे. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

आता मी रोज शाळा सुटल्यावर फलकावरच्या जुन्या टाचण्या काढून देतो. बेबीही येते. देवीच्या चिठ्ठ्या बाजूला काढून झाल्या की उरलेल्यांना पंच मारायचं काम नानांनी तिला दिलं आहे. ती दोन्ही हातांनी पंच दाबते, "पुढे चला" म्हणते, आणि नाना तिला खरोखरीच पुढे सरकून जागा देतात. खाली पडलेल्या कागदाच्या टिकल्या ती फ्रॉकच्या खिशात भरून घरी आणते.

माझ्या हातात तो पंच त्यांनी अजून एकदाही दिलेला नाही.