बॉनेटला आठ भोकं

माझ्या हाताला यश आहे! हे मी नाही, माझी बायको लोरेन म्हणते. म्हणजे एकदा म्हणाली होती, अठ्ठ्याऐंशी साली.

म्हणूनच सासरेबुवांच्या एकोणसत्तर सालच्या गाडीला फायबरचं बॉनेट बसवायचं ठरलं, तेव्हा मी गॅरेजवाल्याला साफ नाही म्हटलं. आमच्या मिशिगनमध्ये जो गडी असलं काम दुसऱ्याकडून करून घेतो, त्याला लोक विचारतात, "दातही शेजारीच घासून देतो का रे?"

गाडीही साधीसुधी नाही. आठ सिलिंडरची, निळीशार. सुरू केली की तीन घरं पलीकडची कुत्री पलंगाखाली! ती ज्या कारखान्यात तयार झाली, तिथेच सासरेबुवा कॅझिमिर एकतीस वर्षं तपासनीस होते. उद्याच्या चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ते तिच्यातच बसून हात हलवणार होते. सोमवारपासून एकच पांढरा शर्ट त्यांनी चारदा इस्त्री केला होता.

"ड्वेन, उद्या डॅड गाडीत दिसले नाहीत," लोरेन म्हणाली, "तर तूही मला दिसू नकोस!"

"अगं, जेवणाआधी काम फत्ते!"

जुनं गंजकं बॉनेट तर मी सकाळीच भंगारात देऊन टाकलं होतं.

काम सोपं. बिजागऱ्या काढायच्या, गाडीवर चार कोपऱ्यांत चार पिना उभ्या करायच्या, वर बॉनेट ठेवायचं आणि पिना टेकतील तिथे भोकं पाडायची. त्या नेमक्या कुठे टेकल्या हे कळावं म्हणून टोकांना लिपस्टिक लावतात. लोरेनची नवी कोरी लाल लिपस्टिक मी गुपचूप उचलली. बॉनेट ठेवलं, दाबलं आणि सासरेबुवांना हात लावायला सांगून गादीवर उलटं केलं. चार लाल ठिपके! झकास!

ड्रिल आणायला घरात गेलो, तर लोरेनने सँडविच पुढे केलं. सँडविचला नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. दहा मिनिटांत परतलो. चार लाल ठिपके हजर! माझा चष्मा कपाळावर होता आणि आत्मविश्वास त्याच्याही वर. घर्र घर्र घर्र! चार भोकं तयार.

बॉनेट चढवलं, तर एकही पिन भोकात जाईना!

"डॅड, हे आकसलं की काय?"

"आकसतंय कशाला? मालच रद्दी आहे! चारही कोपऱ्यांजवळ हवेचे फुगे. मी लाल पेन्सिलीने ठिपके दिलेत. परत पाठव!"

"आणि माझे ठिपके?"

"तुझे होते होय ते? लाल ठिपका म्हणजे दोष, जावईबापू. तिथे दोष नव्हताच, म्हणून पुसून टाकले." मग त्यांनी भोकातून पलीकडे पाहिलं. "एकतीस वर्षं मी लोकांना दोष दाखवले, पण इतके मुळापासून कुणी काढले नव्हते!"

मी खालीच बसलो. तेवढ्यात त्यांची नजर खिळ्यावर टांगलेल्या शर्टाकडे गेली. "जाऊ दे," ते हळूच म्हणाले, "उद्या मी चालत येईन."

हे मात्र मला फार लागलं. पंचाऐंशी वर्षांचा माणूस, चालत? मी पुन्हा लिपस्टिक फासली, त्यांची पेन्सिल काढून घेतली, चष्मा नाकावर आणला आणि पुन्हा भोकं पाडली. बसलं! चपखल बसलं! फक्त भोकं आठ झाली.

तितक्यात लोरेन आली. तिने लिपस्टिकचं थोटूक पाहिलं, भोकं पाहिली, मला पाहिलं. मग आतून चार झेंडे आणले आणि रिकाम्या भोकांत खोचले.

दुसऱ्या दिवशी सजावटीचं पहिलं बक्षीस आम्हाला! सासरेबुवांचा हात खाली येईना आणि हसू ओठांत मावेना. माईकवाल्याने विचारलं, "झेंड्यांसाठी भोकं पाडायची कल्पना कुणाची?"

"माझी!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

सासरेबुवांनी खिडकीतून हात बाहेर काढला. हातात लाल पेन्सिल! माझ्या शर्टावर, बरोबर छातीच्या मधोमध, त्यांनी गोल ठिपका काढला.

तीनदा धुतला, तरी जात नाही. लोरेन म्हणते, राहू दे आता, परत पाठवायची मुदत कधीच संपली.