हौसाबाईसाहेबांची मूठ आणि दफ्तरचा पंजा

श्री. आधीं विघ्नहर्त्यास नमन, मग शारदेस, आणि मग ज्याचे बळावर राजा आणि रयत सारखेच उभे राहतात त्या पाठीच्या कण्यास त्रिवार मुजरा. शके सतराशें सात, विश्वावसु नाम संवत्सरे, श्रावणापासून कार्तिकापावेतों जें जालें तें साद्यंत लिहिलें आहे. पदरचें मीठ घातलें नाहीं. पडलें असल्यास चवीपुरतें.

ऐसें कीं, त्या राज्याच्या धनी हौसाबाईसाहेब. यजमान राजे शिकारीचे शौकी, बारा महिने रानांत, म्हणून वीस वर्षें गादी बाईसाहेबांनींच राखिली आणि बसून बसून पाठ गेली. गनिमापुढें न वाकलेली पाठ, आतां पडला रुमाल उचलावयासही वाकेना. आणि त्याच समयीं कन्या सुंदराबाई पहिलटकरीण, सातवे मासीं माहेरीं आली, आणि बाईसाहेबांस घोर लागला. कां, कीं बारशास बाळ पाळण्याखालून द्यावें आणि घ्यावें लागतें, आणि या कुळीं खालून घेणारे हात आजीचेच. पहिलें नातवंड, आणि घ्यावयास पाठ वाकेना! बाईसाहेब देवघरांत एकट्या बसून रडल्या. मग डोळे पुसून वैद्यराजांस बोलाविलें. वैद्य बोलिले, "सरकार, पाठ म्हातारी नाहीं, रिकामी आहे. नित्य वजन ओढावें, बळ येईल." तालमींत जाणें तें मानास शोभेना, म्हणून टोपीकर सौदागराकडून केबलयंत्र आणवून महालांतच मांडिलें. कप्पीवरून तारेची दोरी, एके टोकास लोखंडी चकत्या, दुसरे टोकास मूठ. बसून मूठ पोटाकडे ओढावी आणि चकत्या वर जाव्या. सारें आलें, परंतु सौदागर म्हणाला, "मूठ ज्याची त्यानें हातापरत्वें करवून घ्यावी." आणि या एका वाक्यानें दरबारची झोप उडाली.

कारण राणीच्या हातास माप लावणें ही बेअदबी. मग कारभारी त्रिंबकपंत पुढें जाले. हुशार गृहस्थ, परंतु कागदाबाहेर जग आहे हें त्यांस मान्य नव्हतें. बोलिले, "माप दफ्तरींच आहे. हर सनदेवर सरकारचा केशरी पंजा उमटतो, त्यावरून मूठ घडवावी." आणि तो पंजा म्हणजे लाकडी शिक्का, चार पिढ्यांमागील मूळपुरुषाच्या हातावरून कोरिलेला, आणि मूळपुरुष तर रेड्याशीं झुंजणारे! हें सर्वांस ठाऊक आणि बोलिलें कोणी नाहीं. मग मूठ आली ती मुसळाएवढी. बाईसाहेबांचीं बोटें अर्ध्यांतच संपलीं, आणि पाठीस ओढ लागण्याआधीं बोटेंच थकलीं, तळव्यांस फोड आले. मग सरलष्कर भिवराव मिशीस पीळ देऊन बोलिले, "दांडा हवा तो भाल्याचा! जितका दांडा लांब, तितका पराक्रम थोर." त्या पराक्रमानें दोन दिवसांत मनगटें सुजलीं. मग सोनारानें रुप्याची मूठ केली, आरशासारखी गुळगुळीत, आणि ती घामानें सटकली, चकत्या धाडकन आदळल्या, आणि तोफ उडाली ऐसें समजून किल्लेदारानें वेशीचे दरवाजे लाविले. भाजीवाल्या दिवसभर बाहेर, आणि सगळ्या नगरांत रात्रीं पिठलें. तेव्हां सुंदराबाई मायेनेंच बोलली, "आईसाहेब, राहूं द्या. बारशास मावशी घेईल खालून." त्या दिवशीं बाईसाहेबांनीं ताट तसेंच परत धाडिलें.

दुसरे दिवशीं डोहाळजेवणाचा हिरवा चुडा भरावयास राही कासारीण आली. राणीचा हात धरून दाबण्याचा अधिकार त्या राज्यांत तिला एकटीस. लेकीचा चुडा जाला, मग आईचा हात घेतला, आणि ओरडली, "अगं बया! बाईसाहेब, हे फोड कशाचे?" मग सारी कर्मकथा ऐकिली, मुठी पाहिल्या, आणि हसतां हसतां बांगड्यांच्या पेटीवर पडतां पडतां राहिली. "अवो, हात सव्वादोनाच्या बांगडीचा, अन् ही मूठ हाय का रेडा बांधायचा खुंटा? चाळीस वर्सं हात दाबत्ये मी. बोटं मिटून अंगठ्याला टेकली पायजेत, मग ती मूठ. अन् तळवे खाली कशापायी? बाळ घेताना तळवे कसे एकमेकाकडं बघत्यात, तसं धरा!" पडद्याआडून पंत कळवळून बोलिले, "परंतु दफ्तरचा पंजा..." राही म्हणाली, "पंत, मग दफ्तरालाच बांगड्या भरा, माजं काय जातंय!"

मग राहीनें लाख कोमट करून बाईसाहेबांच्या मुठींत दिली, मिटविली, आणि त्या ठशावरून सुतारानें शिसवीच्या दोन आखूड मुठी केल्या. वर सुती दोरा गुंडाळिला, म्हणजे घामानें सुटूं नये, आणि त्या फिरत्या कडीस अडकविल्या, म्हणजे मनगट आपले मर्जीनें वळावें. त्या दिवशीं प्रथमच ओढ बोटांत न अडकतां पाठीस पोंचली. बाईसाहेब बोलिल्या, "अगो बाई, आम्हांस पाठ आहे!" श्रावणांत एक चकती, आश्विनांत पांच.

कार्तिकांत सुंदराबाईस कन्यारत्न जालें. बारशास पाळण्याचे पलीकडे बाळ देणारी कोण, तर बाईसाहेबांनीं हट्टानें राहीसच उभी केली. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!" पडद्याआड पंत डोळे मिटून उभे. बाईसाहेब वाकल्या, पाळण्याखालून बाळ घेतलें, आणि सरळ उभ्या राहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसूं. मग म्हणाल्या, "राही, पुन्हां दे." पांच वेळांचा विधि अकरा वेळां जाला. बाळ झोपलेंच होतें.

मग राहीस महालाची कासारकी वंशपरंपरा दिली. पंतांनीं सनद आणि लाकडी पंजा पुढें ठेविला. बाईसाहेबांनीं पंजा बाजूस सारिला, आपला तळवा केशरांत बुडविला आणि कागदावर उमटविला. पंत बारकाईनें पाहून बोलिले, "सरकार, हा पंजा दफ्तराशीं जुळत नाहीं."

"मग दफ्तर जुळवून घ्या, पंत. हात आमचा आहे."

येणेंप्रमाणें मुठींचें प्रकरण तडीस गेलें. तीन मुठी खुंटीस, चौथी जोडी नित्य हातांत, आणि लाकडी पंजा पाळण्यास खेळणें म्हणून बांधिला, तो नात चघळीत असते. लिहिणाराचीही पाठ भरून आली, सबब लेखणी ठेविली.