दीपमाला सिरसाट यांचे जाण्यापूर्वीचे आगमन

ज्या विद्यापीठाच्या नावात 'राष्ट्रीय' हा शब्द आहे, त्याला आज ना उद्या आंतरराष्ट्रीय व्हावंच लागतं. यात विद्यापीठाचा दोष नसतो. घरात फ्रीज आला की बर्फ जमवावाच लागतो, तसं हे आहे. (त्या बर्फाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न वेगळा.)

वऱ्हाडात राष्ट्रीय सर्वविद्या विद्यापीठ निघायचं ठरलं, तेव्हा ते अकोल्याला व्हावं म्हणून अकोलेकरांनी रास्ता रोको केला आणि अमरावतीला व्हावं म्हणून अमरावतीकरांनी. दोघांनी रोखायला रस्ता एकच निवडल्यामुळे मधल्या मूर्तिजापूरकरांचे फार हाल झाले. शेवटी शासनानं कुणालाच कमी-जास्त वाटू नये असा न्याय केला. संशोधन अकोल्याला दिलं आणि संधी अमरावतीला. दोन भावांच्या वाटणीत बैल थोरल्याकडे आणि जू धाकट्याकडे जावं, तशी ही वाटणी दोन्ही शहरांनी फटाके फोडून स्वीकारली.

त्यामुळे प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि काचेच्या नळ्या अकोल्यात असतात. 'आंतरराष्ट्रीय संधी कक्ष' हा पंच्याण्णव किलोमीटरवर अमरावतीत असतो. या कक्षात पाच खुर्च्या, एक पृथ्वीगोल आणि केशवराव आहेत. पृथ्वीगोल फिरत नाही, कारण तो फिरवायचा अधिकार संचालक डॉ. भगवंतराव यांना आहे आणि ते बहुधा बैठकीला गेलेले असतात.

दीपमाला सिरसाट या विद्यापीठात चार वर्षांपासून पीएच.डी. करत होती. मूळची बार्शीटाकळीची, राहायला अकोल्यात जठारपेठेत एका खोलीत. वडील पुंजाजी एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. पोरगी हुशार आणि चिवट. मार्गदर्शक सर तिला विषय देऊन दुसऱ्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांची जागा भरण्याची कार्यवाही सुरू आहे. (कार्यवाहीला पुढच्या महिन्यात दोन वर्षं पूर्ण होतील.) तिच्या कामाला जे यंत्र लागतं, ते विभागात आहे. उद्‌घाटनाच्या दिवशी त्याला हार घातला होता, तो अजून तसाच आहे, कारण यंत्राची किल्ली 'आयात साहित्य' म्हणून अमरावतीच्या कक्षात जमा आहे.

म्हणून तिनं हॉलंडच्या एका विद्यापीठाला पत्र लिहिलं. तिथल्या प्राध्यापक मारिकेबाईंचं आठ दिवसांत उत्तर आलं, की सहा महिन्यांसाठी ये, यंत्र आहे, तिकीट आम्ही पाठवतो, फक्त एक सप्टेंबरला इथं हजर राहा. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाईल. दीपमालानं ते पत्र तीनदा वाचलं आणि खोलीतल्या खोलीत गिरकी घेतली. चार वर्षांचं काम या सहा महिन्यांवर अडकलं होतं. गेली तर पदवी, नाही गेली तर यंत्राच्या हाराकडे बघत म्हातारपण.

आता उरली होती फक्त विद्यापीठाची परवानगी.

परवानगीसाठी एक अर्ज लागतो. त्या अर्जाला जोडपत्र 'अ' ते 'ढ' लागतात. जोडपत्र 'क' मिळवण्यासाठी 'ग'वर सही लागते आणि 'ग' हे 'क' पाहिल्याशिवाय सही करण्याजोगं नसतं. शिवाय आईच्या आजोळचं गाव, रक्तगट, यापूर्वी परदेशात न गेल्याचा पुरावा (तो कोणी द्यावा याविषयी नियम मौन बाळगतो) आणि 'मला थंडी सोसते' असं हमीपत्र. दीपमाला सकाळच्या बसनं अमरावतीला जायची आणि संध्याकाळच्या बसनं एक शेरा घेऊन परत यायची. जुलैअखेर अशा अडतीस फेऱ्या झाल्या. पुंजाजींनी बोटांवर हिशेब केला. जन्मभर टप्पे मोजलेला माणूस, त्यात चूक व्हायची नाही. सात हजार दोनशे वीस किलोमीटर.

"बाई, हॉलंड किती लांब हाय?"

"असंल सातेक हजार."

"मंग तू पोहोचून दोनशे वीस किलोमीटर समुद्रात गेली ना व!"

अडतिसाव्या फेरीला मात्र केशवराव स्वतः उठून दारापर्यंत आले. चांगला माणूस. दर फेरीला त्यांनी तिला चहा पाजला होता आणि एकाही शेऱ्यासाठी दुसऱ्या दिवशी या म्हटलं नव्हतं. (परवा या म्हणत.) त्यांचा चेहरा आज फुलला होता.

"सिरसाट मॅडम, काम झालं म्हणा! तुमचा सत्कार ठरला."

घडलं होतं असं. पंधरा ऑगस्टच्या सुमारास दिल्लीहून मूल्यांकन समिती येणार होती. तिच्या तक्त्यात एक रकाना होता, 'परदेशी जाऊन परतलेले संशोधक'. विद्यापीठाच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत जाण्यासाठी अर्ज केलेले एकशे सात, त्यांपैकी गेलेले दोन, आणि ते दोघं तिकडेच राहिलेले. थोडक्यात, गेलेला मिळणं अवघड, पण परतलेला मिळणं अशक्य. भगवंतरावांनी बैठकीत दूरदृष्टीनं मांडलं, की जो गेल्यावर परत येईल की नाही याची खात्री नाही, त्याचं आधीच स्वागत करून ठेवणं विद्यापीठाच्या हिताचं आहे. शिवाय कुलगुरूंना पुढच्या सहा महिन्यांत एकच तारीख मोकळी होती.

"पन सर, मी अजून गेलीच नाही," दीपमाला म्हणाली.

"त्याचाच तं निरोप हाय. निरोप अन् स्वागत एकाच मांडवात. आता मले सांगा मॅडम, साक्षगंधाले पाहुणे जमले का आपण तिथंच लगन उरकून टाकतो का नाही? पोराले, पोरीले काही तरास झाला काय कधी? तसंच हे."

हा दाखला बिनतोड होता. वऱ्हाडात निम्मी लग्नं अशीच होतात. टिळा लावायला म्हणून आलेली माणसं नवरी घेऊन परततात आणि सगळे म्हणतात, बरं झालं, एका खर्चात निघालं. दीपमालाच्या थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं आणि संसार उत्तम चालला होता. ती हो म्हणाली. आता परवानगी मिळणार याच आनंदात ती हो म्हणाली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

सोहळा देखणा झाला. सव्वादहाला निरोप, साडेदहाला चहा, पावणेअकराला स्वागत. निरोपाच्या वेळी कुलगुरूंचा कंठ दाटून आला आणि स्वागताच्या वेळी तो मोकळा झाला. मधल्या अर्ध्या तासात दीपमालाच्या चेहऱ्यावर परदेशी हवेचं तेज आल्याचं भगवंतरावांनी माइकवरून सांगितलं. दोन शाली, दोन नारळ, दोन कुंड्या. पुंजाजींनी सगळं मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. फोटो तासाभरात जिल्हाभर फिरला आणि तेराशे लोकांनी अभिनंदन केलं. त्यांतल्या चारशे जणांनी 'परत आलीस ते छान केलंस, आपली माती ती आपली माती' असंही लिहिलं.

दुसऱ्या सोमवारी ती परवानगीचं पत्र घ्यायला गेली. केशवरावांनी फाइल उघडली, चष्मा वर केला, खाली केला.

"मॅडम, परवानगी आता काहून पायजे?"

"जायाले."

"पन तुमी तं परत आल्या."

"सर, मी कुठीच गेली नाही! तुमच्याच समोर होती ना मांडवात?"

"माणूस म्हणून मले पटून राहिलं. पन फायलीत तुमी येऊन बसल्या, त्याले मी काय करू?"

त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. त्यांनी चहा मागवला. मग नियम काढून दाखवला, की एकदा परदेशी जाऊन आलेल्या संशोधकाला इतरांना संधी मिळावी म्हणून तीन वर्षं पुन्हा जाता येत नाही. वर एक नोटीसही दिली. परतल्यापासून पंधरा दिवसांत प्रवासाचा अहवाल सादर करणे आणि कनिष्ठ विद्यार्थ्यांसाठी 'परदेशातील माझे अनुभव' या विषयावर व्याख्यान देणे. न दिल्यास नोंदणी रद्द.

नोंदणी रद्द म्हणजे चार वर्षं मातीत. तेव्हा दीपमालानं व्याख्यान दिलं. थंडीचं वर्णन तिनं चिखलदऱ्याच्या सहलीवरून केलं, गर्दीचं अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारावरून आणि तिथल्या शिस्तीचं स्वतःच्या इच्छेवरून. पोरं मंत्रमुग्ध झाली. अहवालही गेला. तो मंजूर होऊन आला, त्यावर भगवंतरावांचा शेरा होता, 'निरीक्षण सूक्ष्म. जेवणाबद्दल अधिक हवे होते.'

पंचवीस ऑगस्टला ती बार्शीटाकळीला घरी गेली आणि ओसरीवर बसून रडली. रडताना तिला मधूनच हसू येत होतं, त्यामुळे पुंजाजींना कळेना की धीर द्यावा की टाळी. त्यांनी सगळी हकीकत ऐकली. फाइलीत काय लिहिलंय ते दोनदा विचारलं.

"म्हंजे कागदावर तू इथं हायेस."

"हो बाबा."

"पक्की इथं? शिक्क्यानिशी?"

"दोन शिक्के."

"मंग रडतं काहून? मी तीस वर्स एसटीत होतो. शीट रिझर्व असंल, तं माणूस शिटावर बसो का दारात उभा राहो, कोणी उठवत नाही. तुही जागा इथं रिझर्व हाय. परवानगी लागते जाणाऱ्याले. तू तं आलेली हायेस. जाय बिनधास्त!"

दीपमालानं तोंड पुसलं. मारिकेबाईंनी पाठवलेलं तिकीट होतं, पासपोर्ट होता, त्यावर व्हिसाही होता. गावच्या बुद्धविहारातल्या बायांनी दोन दिवसांत स्वेटर आणि तिखटाची पुडी आणून दिली. या बायांपैकी एकीनंही तिचं स्वागत केलं नाही. त्या नुसत्या 'सांभाळून जाय माय' म्हणाल्या. एकतीस ऑगस्टच्या विमानानं दीपमाला सिरसाट कोणाच्याही परवानगीशिवाय भारताबाहेर गेली, आणि विमान उडालं तेव्हा इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या गुजराती काकांनी तिला पाणी देऊ केलं.

विद्यापीठात काहीच अडलं नाही. उलट सुधारणाच झाली. ती अकोल्यात असताना तिची उपस्थिती बासष्ट टक्के होती, कारण बाकीचे दिवस ती अमरावतीच्या बसमध्ये असायची. ती हॉलंडला गेल्यावर उपस्थिती शंभर टक्के झाली. फाइलीप्रमाणे ती परतलेली होती, आणि परतलेल्या माणसाला गैरहजर दाखवणं म्हणजे कुलगुरूंच्या स्वागताला खोटं पाडणं. तिला उत्कृष्ट उपस्थितीचा पुरस्कार मिळाला. तो पुंजाजींनी स्वीकारला. समितीनं विद्यापीठाला वरची श्रेणी दिली.

इकडे हॉलंडमध्ये एक सप्टेंबरला सकाळी नऊला दीपमाला मारिकेबाईंच्या खोलीत उभी होती. ती हारासाठी मान थोडी वाकवून थांबली, पण हार नव्हता. बाईंनी कॉफी दिली, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता सांग, तू नेमकं काय शोधते आहेस? आणि का?"

दीपमालानं हातातला कप खाली ठेवला. चार वर्षं, अडतीस फेऱ्या, 'अ' ते 'ढ' जोडपत्रं, तेराशे अभिनंदनं, आणि हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. अगदी पुंजाजींनीसुद्धा नाही. तिचे डोळे भरून आले. मग ती बोलू लागली आणि दोन तास थांबली नाही. बाई वहीत लिहून घेत होत्या, मध्येच 'थांब, हे पुन्हा सांग' म्हणत होत्या. कॉफी पार गार झाली. दीपमाला आयुष्यात इतकी सुखी कधी झाली नव्हती.

ती काय बोलली, ते मी इथं सविस्तर लिहिणार होतो. पण वाचकहो, तुम्ही हे इथवर वाचत आलात. बसच्या फेऱ्या मोजल्यात, शाली मोजल्यात, ती जाते की नाही म्हणून जीव टांगणीला लावलात, केशवरावांना हसलात. पोरगी संशोधन कशावर करते आहे, हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

वाईट वाटून घेऊ नका. दीपमालाच्या पुढच्या सत्काराची समिती बनते आहे, आणि सदस्य म्हणून तुमचं नाव एकमतानं मंजूर झालं आहे.