आबाजींचा ओटा

ज्योतीरामला रात्रपाळीत उभ्या उभ्या डुलकी घेताना दोनदा पकडलं होतं. तिसऱ्यांदा सापडलास तर नाव कमी करू, असं सुपरवायझरने अगदी शांतपणे सांगितलं. सन छप्पनचा उन्हाळा होता. उस्मानाबादकडून आलेल्या माणसाला पिंपरीच्या नव्या कारखान्यातली नोकरी घालवणं परवडणारं नव्हतं. अडचण अशी, की चिंचवडात त्याने घेतलेली खोली दुपारी दोनपर्यंत एका शिंप्याचं दुकान असे. पाळी सुटे सकाळी सातला. मधले सात तास अंग टेकायला फुकटची जागा हवी होती, आणि भराभर वाढणाऱ्या त्या गावात ती कुठेच नव्हती.

त्याने शोध मनापासून घेतला. स्टेशनच्या बाकावर बसलं की तिकीट विचारत. हॉटेलात चहा संपला की मालक बाकडं पुसायला येई, आणि पुसणं नेमकं ज्योतीरामच्या मांडीपासून सुरू करी. देवळात बसायला कुणाची ना नव्हती, पण आडवं झालं की पुजाऱ्याला घंटा वाजवायची आठवण होई. पिठाच्या गिरणीजवळ एक ऐसपैस दगडी ओटा होता, सावलीतला. तिथे डोळा लागतोय तोच एका पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याने ओटा धुवायला काढला, तोही ज्योतीरामसकट.

पुढे महिन्याभराने त्याला पवनेचा घाट सापडला. पिंपळाखालची पायरी गार होती आणि तिथे कुणी काही विचारत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा सभोवती पन्नासेक माणसं गप्प बसली होती. काही डोकी नुकतीच भादरलेली होती आणि समोर पिंड मांडलेला होता. कुणाचा तरी दहावा होता. मधूनच उठून जाणं बरं दिसेना, म्हणून ज्योतीरामही चेहरा गंभीर करून बसून राहिला.

पिंपळावर तीन कावळे होते, पण एकही पिंडाला शिवत नव्हता. गेलेल्या माणसाचा मुलगा भिमाजी हात जोडून एकेक गोष्ट कबूल करत होता.

"आबा, नदीकडचं रान इकनार न्हाई."

कावळ्यांनी मान वळवली.

"धाकटीचं लगीन थाटात करू."

एक कावळा उडून गेला. ऊन चढलं होतं आणि सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. गेलेल्याचे भाऊ अर्जुनराव चौफेर बघू लागले, तेव्हा त्यांची नजर पायरीवरच्या अनोळखी माणसावर पडली.

"पाव्हणं, तुमी कुनाकडचं?"

"कुनाकडचाच न्हाई, मालक. रात्रपाळी करून आलो, जरा टेकलो होतो."

"आमच्या आबाजीला वळखत व्हता?"

"कोन आबाजी?"

"गिरणीपाशी ऱ्हायचा. पांढऱ्या मिशा."

ज्योतीराम खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि दहाव्याला तर नाहीच नाही. "एकदाच गाठ पडली होती. वट्यावरून उठवलं त्यांनी मला. पानी टाकून."

अर्जुनरावांनी कपाळाला हात लावला. "भिमाजी, हितं अडकलाय बघ जीव त्याचा."

"माझं काई म्हननं न्हाई, मालक," ज्योतीराम घाबरून म्हणाला. "कपडे वाळले तवाच."

"तुमचं नसंल. त्याचं हाय."

भिमाजीने पुन्हा हात जोडले. "आबा, ह्या मानसाला वट्यावर बसू देऊ." एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि तिथेच थांबला. "रोज बसू देऊ." कावळा हलेना.

अर्जुनरावांनी हळू आवाजात विचारलं, "तुमाला नेमकं काय करायचं व्हतं तितं?"

"निजायचं होतं."

"आबा, निजू देऊ," भिमाजी म्हणाला, "आन् कुनाला उठवू देनार न्हाई." तेवढ्यात कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ज्योतीरामला भरून आलं. त्याच्या झोपेसाठी आजवर कुणी हात जोडले नव्हते.

तेरावा उरकल्यावर तो गिरणीजवळच्या ओट्यावर गेला. घोंगडी अंथरून ठेवली होती आणि आबाजींच्या पत्नी शालनबाई दारात उभ्या होत्या. बाईमाणसासमोर आडवं कसं व्हायचं, या विचाराने तो अवघडला.

"माय, तुमाला अडचन होत असंल तर जातो मी."

"जाऊ नका, भाऊ," शालनबाई म्हणाल्या. "चाळीस वरसं हा वटा धुतला मी, पर एकदाबी बसले न्हाई. बायांनी वाटंकडं त्वांड करून बसायचं न्हाई, म्हनायचे. घाटावर समद्यांचं इचारलं, माझं कुनी इचारलं न्हाई."

ज्योतीरामला फार वाईट वाटलं. "मग बसा की आता. मी जातो."

"तुमी गेल्यावर कशी बसू? गाव नावं ठेवंल. तुमी निजा. तुमाला कुनी उठवलं तर भिमाजीचा सबूद मोडंल. त्यासाठी राखन नगं का?"

तो घोंगडीवर आडवा झाला. शालनबाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला खांबाला टेकून बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी पाय लांब केले. रस्त्याने बैलगाड्या जात होत्या, कारखान्याचे ट्रक जात होते. कुणी थांबून काही विचारलं की त्या म्हणत, "हळू बोला. आबांचा पाव्हणा निजलाय."

दुपारी ज्योतीरामची झोप पुरी झाली. एक हात बधिर झाला होता आणि घसा कोरडा पडला होता. त्याने एक डोळा किलकिला करून पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला. बाईंचं बसून झालं नव्हतं.